‘ज्ञानेश्वरी’चा ‘ज्ञानेश्वर’ कसा झाला?

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. सहभागाचे अर्ज संकेतस्थळावर भरून घेतले होते आणि त्यातूनच परस्पर प्रमाणपत्रे छापली होती. ज्ञानेश्वरी नावाच्या मुलीच्या हाती प्रमाणपत्र आले, त्यावर नाव होते ‘ज्ञानेश्वर’. तिच्या बाईंनी अर्ज स्वतः भरला होता आणि तेव्हा पडद्यावर नाव बरोबर दिसल्याचे त्यांना पक्के आठवत होते. ‘कॉम्प्युटरची चूक’ म्हणून सगळ्यांनी विषय सोडून दिला. मुलगी मात्र हिरमुसली.

संगणक स्वतःहून अशी चूक करत नाही. मग शेवटची दुसरी वेलांटी गेली कुठे?

संगणकाला अक्षर कळत नाही, संख्या कळते. म्हणून प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देतात. जगातल्या लिप्यांसाठी असा सामाईक तक्ता म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५. पण या तक्त्यात ‘ज्ञ’ किंवा ‘श्व’ शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. जोडाक्षरांना स्वतंत्र क्रमांकच नाहीत! ‘ज्ञ’ साठवला जातो तो ज, पाय मोडल्याची खूण आणि ञ अशा तीन क्रमांकांनी. त्याचा आपल्या ओळखीचा आकार पडद्यावर फॉन्ट घडवतो.

आता फळ्यावर मांडून पाहा. ज, पायमोड, ञ, काना, न, मात्रा, श, पायमोड, व, र, दुसरी वेलांटी. आपण वर्गात चार अक्षरे शिकवतो, संगणकाच्या लेखी चिन्हे आहेत ११.

हे क्रमांक साठवायचे कसे? आज वेबवर जवळपास सर्वत्र वापरली जाणारी पद्धत, यूटीएफ-८, केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो, देवनागरी चिन्हाला ३ लागतात. ११ गुणिले ३, म्हणजे ३३ बाइट. त्या संकेतस्थळाच्या माहितीसाठ्यात पहिल्या नावाचा रकाना होता ३० बाइटांचा. दहा चिन्हे मावली, अकरावे गळाले. योगायोग असा, की काट बरोबर चिन्हाच्या हद्दीवर पडली. ती चिन्हाच्या मध्येच पडती तर नावाच्या शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटला असता आणि कोणाच्या तरी लक्षात आले असते. इथे मात्र उरले ते एक चांगले, शुद्ध, मुलाचे नाव.

रकाना आखणारा डेव्हलपर निष्काळजी होता असे मला वाटत नाही. त्याने चाचणी इंग्रजी नावांवर केली असणार. इंग्रजी नावात अक्षरे, चिन्हे आणि बाइट या तिन्हींची मोजदाद एकच येते, त्यामुळे त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे जाणवतच नाही. देवनागरीत त्याच मोजदादी ४, ११ आणि ३३ येतात.

हा प्रयोग विद्यार्थ्यांना करून पाहता येईल. संगणकावरच्या बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ कळ दाबली की डेव्हलपरांची साधने उघडतात. त्यातल्या कन्सोलमध्ये नाव अवतरणचिन्हांत लिहा, पुढे टिंब देऊन ‘लेंग्थ’ हा शब्द रोमन छोट्या अक्षरांत लिहा. ‘ज्ञानेश्वरी’साठी ११ येतील, ‘स्त्री’साठी ६. साधा हसरा चेहरा दिलात तर २ येतील, कारण जावास्क्रिप्ट ही भाषा १६ बिटांचे तुकडे मोजते आणि चेहऱ्याला दोन तुकडे लागतात. (ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५मध्ये दहा दिवसांत उभी केली. तिच्या बऱ्याच लहरींचे मूळ त्या घाईत आहे.) माणसाला दिसणारी अक्षरे मोजणारे ‘सेगमेंटर’ हे साधन २०२०पासून ब्राउझरांत येऊ लागले आणि २०२४पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत पोचले. देवनागरी जोडाक्षर मध्ये तोडू नये हा नियम युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत आला तो २०२३मध्ये. म्हणजे तब्बल बत्तीस वर्षांनी!

आपल्या मराठीची आणखी एक खास अडचण आहे. ‘कऱ्हाड’ हे नाव दोन तऱ्हांनी टंकता येते. एकात ‘ऱ’ हे तक्त्यातले स्वतंत्र चिन्ह येते. दुसऱ्यात साधा र, पायमोड आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. पहिल्यात ६ चिन्हे, दुसऱ्यात ७. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यादीत एका तऱ्हेने लिहिलेले नाव दुसऱ्या तऱ्हेने शोधले तर सापडेलच असे नाही. युनिकोडचे ठरीव एकरूपीकरण ही दोन रूपे एक करत नाही. ते काम डेव्हलपरलाच करावे लागते.

त्या प्रदर्शनाचा रकाना पुढे रुंद केला गेला आणि मुलीला नवे प्रमाणपत्र मिळाले. मी चाचणीसाठी दहा-बारा नावे लिहून दिली होती. त्यात पहिले अर्थात तिचेच होते, आणि गावाच्या रकान्यासाठी कऱ्हाड, दोन्ही तऱ्हांनी.