जुन्या मोटारीची खरी किंमत

एकेकाळी या देशात जुनी मोटार नव्या मोटारीपेक्षा महाग मिळत असे. आजच्या तरुण वाचकाला हे विधान विनोदी वाटण्याचा संभव आहे. परंतु परवान्यांच्या आणि नियंत्रणाच्या त्या काळात हा विनोद नव्हता, व्यवहार होता. उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड एवढ्यावरच निवड संपत असे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि सरकारने ठरविलेल्या किमतीत ज्याला मोटार मिळाली, तो वर्षा-दोन वर्षांनी ती खरेदीपेक्षा अधिक दराने विकू शकत असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ग्राहकाच्या हाती पडली, १९९३ साली मोटारनिर्मितीचा उद्योग परवान्यांतून मुक्त झाला आणि ती टंचाई इतिहासजमा झाली.

टंचाई गेली, पण मध्यमवर्गीय कुटुंबाचा पेच गेला नाही. त्याचे स्वरूप मात्र बदलले. पूर्वी प्रश्न ‘मोटार मिळेल का?’ असा होता. आज तो ‘नवी घ्यावी की जुनी?’ असा आहे. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात घराखालोखाल मोठी खरेदी ही मोटारीचीच असते आणि तिच्यातील चूक पुढे चार-पाच वर्षे दर महिन्याच्या पगारातून फेडावी लागते. म्हणून हा प्रश्न हौसेवर किंवा शेजाऱ्याच्या अंगणावर नजर ठेवून सोडविण्याजोगा नाही.

प्रथम हिशेब पाहावा. समजा, सहा लाख रुपये किमतीची नवी पेट्रोल मोटार घ्यावयाची आहे. त्यांपैकी पाच लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले, तर दरमहा सुमारे १० हजार ३८० रुपयांचा हप्ता पडतो आणि मुदतीअखेर व्याजाचीच रक्कम सव्वा लाखाच्या घरात जाते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल मोटारीवर ११ टक्के एकरकमी कर आहे. म्हणजे आणखी सुमारे ६६ हजार रुपये. शिवाय मोटारीचे मोल उतरत जाते ते वेगळेच. विमा व्यवसायातील रूढ कोष्टकानुसार सहा महिने उलटताच विम्यासाठी धरावयाची किंमत १५ टक्क्यांनी घटते, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्क्यांनी. सहा लाखांच्या मोटारीचे पाचव्या वर्षी तीन लाख उरतात. घट, व्याज आणि कर यांची बेरीज चार लाख ऐंशी हजारांच्या पलीकडे जाते. विमा आणि पेट्रोल यांत धरलेले नाही. मोटार दारात नुसती उभी राहिली, तरी रोजचे अडीचशेहून अधिक रुपये खर्ची पडत असतात.

आता हीच मोटार पाचव्या वर्षी दुसऱ्या एखाद्या कुटुंबाने शिलकीतील तीन लाख देऊन घेतली असे समजू. आणखी पाच वर्षांनी तिचा एक लाख आला, तर घट दोन लाखांची झाली. शिलकीवर सहा टक्के व्याज मिळाले असते असे धरल्यास बुडालेले व्याज साधारणपणे ९० हजार. एकूण दोन लाख नव्वद हजार. बाजारभाव कोष्टकाप्रमाणेच चालतो असे नाही, गावागणिक आणि गाडीगणिक तो बदलतो. तरीही जुन्या मोटारीत सुमारे दोन लाखांची बचत दिसते. मग सुज्ञ माणसाने जुनीच घ्यावी, असा निष्कर्ष निघावयास हवा. तो तसा सरळ निघत नाही, याचे कारण अर्थशास्त्रात दडलेले आहे.

१९७० साली जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. याच विचारासाठी २००१ साली, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मोटारीची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा संशयाने कमी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली मोटार विकणे धन्याला परवडत नाही, म्हणून तो ती बाजारात आणीतच नाही. परिणामी बाजारात खोडाळ मोटारींचे प्रमाण वाढते, संशय आणखी बळावतो आणि किंमत आणखी उतरते. प्रामाणिक विक्रेता आणि प्रामाणिक ग्राहक असे दोघेही यात नाडले जातात.

याचा अर्थ असा की, त्या दोन लाखांना निव्वळ बचत समजणे चूक आहे. ग्राहकाने पत्करलेल्या अज्ञानाचा तो मोबदला आहे. नवी मोटार घेणारा जादा पैसा केवळ चकचकीत रंगासाठी मोजत नाही; तिचा पूर्वेतिहास नाही या निश्चिंतीसाठी आणि कंपनीच्या हमीसाठी तो मोजत असतो. जुनी घेणाऱ्याने ही निश्चिंती स्वतःच्या कष्टाने मिळवावयाची असते. ती मिळविली, तर दोन लाख त्याचे. न मिळविता घाई केली, तर एखाद्या इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या दुरुस्तीत त्यांतील मोठा हिस्सा सहज वाहून जातो.

हे कष्ट अवघड नाहीत, पण चिकाटीचे आहेत. मोटार दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असताना पाहावी. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला, तर आत ऑइल जळत आहे असे समजावे. किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो. परंतु झिजलेले पेडल, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि सर्व्हिसिंगची जुनी बिले यांना खोटे बोलणे तितकेसे जमत नाही. टायरवरील चार अंकांत तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला हे कळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील असंख्य वाहने पाण्यात गेली. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात महापुराने तेच केले. बुडालेली मोटार धुऊन-पुसून दूरच्या गावी विकली जाण्याचा धोका अशा प्रत्येक पुरानंतर असतो. तेव्हा गालिचा उचलून पाहावा, आसनाखालच्या पट्ट्यांवरील गंज आणि स्टेपनीच्या खळग्यातील गाळ शोधावा. विक्रेत्याचा नव्हे, तर आपल्या विश्वासातला मिस्त्री बरोबर न्यावा. त्याला दिलेले हजार-दोन हजार रुपये हा या व्यवहारातील सर्वांत फलदायी खर्च होय.

मोटारीइतकीच तिची कागदपत्रे तपासली पाहिजेत. इंजिन आणि चासी यांचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतात काय, कर्जाचा बोजा उतरला आहे काय, दंडाची चालाने थकली आहेत काय, हे पैसे देण्यापूर्वी पाहावयाचे; नंतर पाहून उपयोग नाही. मोटार परराज्यातील असेल, तर ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातील कर हा नवा खर्च उभा राहतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार हस्तांतराची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाची असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यावा लागतो. सह्या केलेले कोरे फॉर्म दलालाच्या हाती सोपवून निर्धास्त होणाऱ्या विक्रेत्यांनी २०१८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ध्यानात ठेवावा. त्या प्रकरणातील मोटार एकामागून एक अनेक हातांत गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. गाडी विकली गेली, पण नाव विकले गेले नाही!

सुरक्षिततेचा मुद्दाही स्वस्ताईपुढे गौण मानता येणार नाही. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या आसनासाठीची सक्ती २०२२ पासून सर्व नव्या मोटारींना लागू झाली. त्यापूर्वीच्या स्वस्त मोटारींत ही सोय असेलच असे नाही. कुटुंबाला घेऊन महामार्गाने जावयाचे असेल, तर आणखी थोडे पैसे घालून अलीकडच्या सालची मोटार पाहणे शहाणपणाचे. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या मोटारी स्वस्त झाल्या. तेव्हा ‘ही नवी इतक्याला घेतली होती’ असे विक्रेता सांगू लागल्यास, आज तीच मोटार शोरूममध्ये कितीला मिळते हे आधी विचारून घ्यावे.

तात्पर्य, नवी की जुनी याचे उत्तर प्रत्येक घराला वेगळे मिळणार. ज्याला रोज साठ-सत्तर किलोमीटर जावे लागते, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे आणि ज्याला चौकशीला सवड नाही, त्याने झेपेल एवढाच हप्ता पत्करून नवी घेतली तर तो उधळ्या ठरत नाही. रविवारी देवदर्शन आणि सुटीत गावी जाणे एवढेच ज्याचे काम आहे, त्याने पाच वर्षे कर्ज फेडत बसण्याचे कारण नाही. मात्र जुनी घेणाऱ्याने दोन महिने शोधाला द्यावेत आणि दुरुस्तीसाठी निदान पन्नास हजार रुपये वेगळे ठेवावेत.

आणि आज घेणारा उद्या विकणारा असतो, हेही विसरून चालणार नाही. सर्व्हिसिंगची बिले जपून ठेवणारा, झालेला अपघात न लपविता सांगणारा आणि नाव बदलून मिळेपर्यंत पाठपुरावा करणारा विक्रेता स्वतःची मोटार तर चांगल्या भावाने विकतोच. शिवाय संशयाने पोखरलेल्या या बाजारात पुढच्या एखाद्या शिक्षकाला, एखाद्या कारकुनाला निर्धास्तपणे जुनी मोटार घेता येईल, याचीही थोडी सोय करून ठेवतो.