प्रांतिक नाणी व त्यांचा संग्रह
मध्यवर्ती सत्तेच्या मुख्य टांकसाळीबाहेर, तिच्या अधिसत्तेखालील नगरांनी, मांडलिकांनी किंवा प्रादेशिक अधिकाऱ्यांनी स्थानिक व्यवहारासाठी पाडलेल्या नाण्यांस प्रांतिक नाणी म्हणतात. ही नाणी बहुधा तांबे, ब्राँझ, शिसे व हलक्या मिश्रधातूंची असतात. सोन्याच्या राजमुद्रांच्या मानाने त्यांचे मोल कमी असल्याने माफक उत्पन्नाच्या संग्राहकाला ती आटोक्यातली वाटतात. रोमन साम्राज्याची प्रांतिक नाणी हे याचे जगातील सर्वांत परिचित उदाहरण होय. दख्खनमध्ये कोल्हापूर परिसरात सापडणारी ‘कुर’ राजांची नाणी त्यांच्याशी अनेक बाबतींत तुलनीय आहेत.

रोमन प्रांतिक नाणी : ऑगस्टसच्या काळापासून (कार. इ. स. पू. २७–इ. स. १४) सु. तीन शतके रोमन साम्राज्यातील पाचशेहून अधिक नगरांनी आपापली नाणी पाडली. त्यांच्या दर्शनी बाजूवर सामान्यतः सम्राटाचे अगर राजकुलातील व्यक्तीचे मुखचित्र असते आणि मागील बाजूवर त्या नगराची देवता, मंदिर, नदी किंवा उत्सवाचे चिन्ह असते. पूर्वेकडील नाण्यांवरील मुद्रालेख प्रायः ग्रीक भाषेत, तर रोमन वसाहतींच्या नाण्यांवरील लॅटिनमध्ये आढळतात. ईजिप्तमधील ॲलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर सम्राटाचे राज्यवर्ष ग्रीक अक्षरांकांत दिलेले असल्यामुळे अशा नाण्याचा काळ वर्षापर्यंत ठरविता येतो. पश्चिमेकडील प्रांतांत ही प्रथा पहिल्या शतकाच्या मध्यास संपली. पूर्वेकडे ती तिसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकून होती. या नाण्यांची एकत्र सूची करण्याचे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती घेण्यात आले व तिचा पहिला खंड १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोल्हापूरची नाणी : पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीच्या परिसरात एकोणिसाव्या शतकापासून शिशाची व मिश्रधातूची नाणी सापडत आली आहेत. येथे १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. या स्थळी मिळालेल्या ब्राँझच्या वस्तूंत पोसायडन या समुद्रदेवतेची मूर्ती असून तीवरून रोमन जगाशी असलेल्या व्यापारी संबंधांची साक्ष पटते. येथील कुर नाण्यांच्या एका बाजूवर टेकडीसारखे चैत्यचिन्ह व कठड्यातील वृक्ष, तर दुसऱ्या बाजूवर बाण लावलेले धनुष्य असते. त्यांवर ब्राह्मी लिपीत वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर व गोतमीपुत विळिवायकुर अशी तीन राजांची नावे आढळतात. मातेच्या गोत्रावरून नाव घेण्याची ही पद्धत सातवाहनांमध्येही होती. टॉलेमीने (इ. स. दुसरे शतक) उल्लेखिलेला हिप्पोकुरा येथील बालिओकुरस म्हणजेच विळिवायकुर होय, असे रा. गो. भांडारकर यांचे मत होते. हे राजे सातवाहनांचे मांडलिक होते की स्वतंत्र, याविषयी विद्वानांत एकमत नाही.

सातवाहनांची स्वतःची नाणीही प्रदेशपरत्वे निराळी आहेत. विदर्भातील तऱ्हाळा (जि. वाशिम) येथे १९३९ मध्ये सापडलेला मोठा निधी मिश्रधातूच्या नाण्यांचा होता, तर आंध्र भागात शिशाची नाणी विपुल मिळतात. त्यामुळे संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याचा धातू हा केवळ किमतीचा प्रश्न नसून स्थळ ओळखण्याचे साधनही असते.

अल्प खर्चातील संग्रह : कमी खर्चात संग्रह करणाऱ्याने प्रथम विषय मर्यादित करणे हिताचे असते. एका नगराची, एका राजाची किंवा एका चिन्हाची नाणी असा विषय निवडला, म्हणजे थोड्या नाण्यांतही अभ्यासाला पुरेसा आशय येतो. नाणे घेण्यापूर्वी त्या विषयाची सूची वाचावी व मूळ नाणी पहावीत. मुरगूड (ता. कागल), कागल, निपाणी अशा बाजारगावांतील हौशी व्यक्तीला कोल्हापूरचे टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालय जवळ आहे. ई. जे. रॅप्सन यांची १९०८ मधील सातवाहन व क्षत्रप नाण्यांची सूची आजही उपयोगी पडते. नासिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेत या विषयाच्या अभ्यासाची सोय आहे.

प्रत्येक नाण्यासोबत त्याचे वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंचे वर्णन, खरेदीचा दिनांक आणि ज्ञात असल्यास प्राप्तिस्थान यांची नोंद ठेवावी. या नोंदीस पैसे लागत नाहीत. परंतु तिच्यावाचून सर्वांत महागडे नाणेही अभ्यासाला मुके ठरते. सराफाच्या अगर मोडवाल्याच्या पेटीतील नाणे कोणत्या शिवारातून आले, हे एकदा विसरले गेले की पुढे ते कोणत्याही उपायाने कळत नाही.

दर्जावाढ : झिजलेले नाणे देऊन त्याच प्रकारचे अधिक स्पष्ट नाणे घेणे, यास संग्राहक दर्जावाढ म्हणतात. मुद्रालेख पूर्ण वाचता येणे, चिन्ह मध्यभागी उमटलेले असणे व पृष्ठभाग निर्दोष असणे हे तिचे सामान्य निकष होत. मर्यादित पैशात संग्रह सुधारण्याचा हा रास्त मार्ग आहे. मात्र त्यात एक धोका संभवतो. डोळ्यांना कुरूप दिसणारे नाणेच कधीकधी सर्वाधिक माहिती देणारे असते. कुर राजांचा अनुक्रम कोणत्याही शिलालेखावरून ज्ञात झालेला नाही. वासिठीपुताच्या नाण्यांवर माढरीपुताने आणि त्या दोघांच्या नाण्यांवर गोतमीपुताने पुन्हा छाप मारल्याचे दिसते. त्यावरूनच तो ठरविण्यात आला. अशा पुनर्मुद्रांकित नाण्यावर दोन छाप एकमेकांत मिसळलेले असतात, धनुष्य अर्धवट दिसते व अक्षरे तुटक असतात. केवळ स्पष्टतेकडे पाहणारा संग्राहक असे नाणे प्रथम काढून टाकील. नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या १३,२५० चांदीच्या नाण्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप आहे. सातवाहनांनी क्षहरातांचा केलेला पराभव त्यांवरून निश्चित झाला. रोमन प्रांतिक नाण्यांवरील छोट्या प्रतिमुद्राही याच प्रकारे नाण्याचे रूप बिघडवितात, पण ते पुढे कोठे व कोणाच्या अधिकाराने चालले याची माहिती देतात. म्हणून नाणे बदलण्यापूर्वी ते तिरप्या उजेडात भिंगाने तपासावे, त्याचे छायाचित्र व नोंद ठेवावी आणि त्यानंतरच ते हातावेगळे करावे.

जतन : नाणे घासून चकचकीत केल्याने त्याचा दर्जा वाढत नाही, उलट कायमचा घटतो. चिंच, लिंबू किंवा राख यांनी तांब्याचे भांडे उजळते. प्राचीन नाण्याचा मात्र संरक्षक थर व त्यावरील बारीक अक्षरे नष्ट होतात. ब्राँझच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसू लागल्यास क्षार व दमटपणा यांमुळे ते आतून खंगत आहे असे समजावे आणि ते इतर नाण्यांपासून वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे. कोल्हापूरच्या पश्चिम भागातील दीर्घ पावसाळा लक्षात घेता ही काळजी विशेष आवश्यक ठरते. शिशाची नाणी लाकडी कपाटात किंवा साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नयेत. त्यांतून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफेने शिशावर पांढरी पूड धरते व नाणे कालांतराने विरून जाते.

बनावट नाणी : शिसे सु. ३२७° से. तापमानास वितळत असल्याने त्याच्या नकला ओतणे सोपे असते. कडेवरील सांध्याची रेघ, पृष्ठभागावरील बुडबुड्यांच्या खळग्या, अक्षरांच्या बोथट कडा आणि एकाच छापाच्या अनेक नाण्यांवर तोच दोष असणे ही संशयाची लक्षणे होत. किंमत फार कमी असणे हे नाणे खरे असल्याचे प्रमाण नव्हे.

कायदा : जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये बंधनकारक आहे. निधीचा मालक न आढळल्यास व अन्य करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्यास आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळतो. शासनाने निधी संपादन केल्यास धातूचे मूल्य व त्याचा एक पंचमांश इतकी रक्कम दिली जाते. सोन्याच्या निधीला ही रक्कम मोठी होते, शिशाच्या निधीला ती नाममात्र राहते. यामुळे शेतकऱ्यास कोल्हापूरसारख्या भागातील शिशाची नाणी कळविण्यास फारसे प्रोत्साहन मिळत नाही व ती मोडीत जाऊन वितळण्याचा संभव राहतो. १९७६ पासून अंमलात असलेल्या १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात, त्यांच्या व्यापारास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

नांगरताना मिळालेली नाणी एकत्र राहिली, तर त्यांच्या प्रमाणावरून ती पुरण्याचा काळ व त्या भागातील चलन यांचा अंदाज बांधता येतो. ती अनेक हातांत विखुरली की हा पुरावा लोपतो. त्यामुळे अल्प खर्चात संग्रह करणाऱ्याने निधीतून फोडलेली नाणी टाळून, पूर्वीपासून संग्रहात असलेली व नोंद उपलब्ध असलेली नाणी घेणे इष्ट होय. असा संग्रह संख्येने लहान राहिला, तरी स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मोल टिकून राहते.