देवाला अशक्य काही आहे का?

माउली, निर्मळच्या यात्रेत एका पोराने विचारलं, "महाराज, देव सर्वशक्तिमान ना? मग त्याला स्वतःलाच उचलता येणार नाही, एवढा धोंडा तो करील का?" हसू नका. प्रश्न खरा आहे.

शास्त्रात दोन दृष्टांत नेहमी येतात, सशाचं शिंग आणि वांझेचा मुलगा. सशाला शिंग नसतं. पण देवाने मनात आणलं तर त्याला काय अवघड? वांझेच्या मुलाचं तसं नाही. मुलगा झाला की ती वांझ राहिली कुठे? एक शब्द दुसऱ्याला खातो. वसईच्या खाडीत एकाच जागी, एकाच क्षणी भरती अन् ओहोटी मागा. तोंड हललं, पण मागितलं काय? काहीच नाही. धोंड्याचंही तेच. मग देवाला उणेपणा कसला?

आणि झालेलं न झालेलं करणं? नामदेवरायांच्या कथेत मेलेली गाय उठते. पण ती मेली होती, हे पुसलं जात नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकूस कोसळून चोखोबा गेले. भिंत पडलीच नाही, असं देवाने केलं नाही. पण ज्यांना राउळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची समाधी आज पंढरीत महाद्वारासमोर आहे.

म्हणून घरचं माणूस गेलं, तर "झालंच नाही असं कर" म्हणू नका. "त्याला तुझ्या पायाशी ठेव" म्हणा. ते देवाला शक्य आहे. रामकृष्णहरि!