आतड्यातील मास्ट पेशी आणि कबनूरचा दिनक्रम

माणसाचे शरीर जिथे जिथे बाहेरच्या जगाला भिडते, म्हणजे त्वचेखाली, श्वासनलिकांच्या अस्तरात आणि संपूर्ण अन्नमार्गात, तिथे तिथे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांच्या अगदी लगत मास्ट पेशी वस्ती करून असतात. या पेशींच्या पोटात बारीक कण खच्चून भरलेले असतात आणि त्या कणांत हिस्टामिन, हेपॅरिन, ट्रिप्टेज अशी तीव्र परिणाम करणारी द्रव्ये साठवलेली असतात. जंत आतड्यात शिरला, माशीने दंश केला किंवा घातक द्रव्य पोटात गेले, की ही साठवण काही मिनिटांत बाहेर टाकली जाते, रक्तवाहिन्या सैल होतात, आतडे जोराने आकुंचन पावते आणि आलेला शत्रू बाहेर ढकलला जातो. ही व्यवस्था शरीराच्या हिताची आहे. मात्र या पेशींची संख्या बेसुमार वाढली, किंवा संख्या तेवढीच राहूनही त्या क्षुल्लक कारणाने फुटू लागल्या, तर हीच व्यवस्था रुग्णाच्या जिवावर उठते, आणि पोटात तिचा उद्रेक झाला म्हणजे जेवणासारखी रोजची गोष्टही भीतीची होऊन बसते.

या पेशींच्या शोधाची हकीकत हातकणंगले तालुक्यातील कबनूरसारख्या गावाला परकी वाटू नये, कारण ती कापडाच्या रंगांतून सुरू होते. विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग तयार केल्यानंतर कापड रंगवण्यासाठी ॲनिलिन रंगांचा मोठा उद्योग युरोपात उभा राहिला, आणि पाउल एर्लिख या जर्मन विद्यार्थ्याने हेच रंग शरीराच्या पातळ कापांवर वापरून पाहिले. त्याला असे आढळले की काही पेशी मूळ रंग न घेता वेगळीच छटा धारण करतात. आजही टोल्युडिन ब्लू या निळ्या रंगात बुडवलेल्या कापात आजूबाजूचा सगळा भाग निळा दिसतो आणि मास्ट पेशींचे कण तेवढे जांभळट दिसतात. १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात एर्लिखने या पेशींना नाव दिले आणि पुढे १९०८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग लागला, त्या पेठेच्या कडेला वाढलेल्या आणि मागांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या कबनूरला रंगाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. पेशींचे नाव १८७८ मध्येच ठरले, तरी त्यांच्यात हिस्टामिन साठवलेले असते हे राइली आणि वेस्ट या दोन संशोधकांनी १९५३ मध्ये दाखवून दिले, आणि या विकाराकडे पाहण्याची दिशा खऱ्या अर्थाने तेव्हा बदलली.

हिस्टामिन शरीरात निरनिराळ्या ग्राहींवर, म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरील ठरावीक जागांवर, जाऊन काम करते. पहिल्या प्रकारच्या ग्राहीवर ते बसले की अंगावर पित्त उठते, चेहरा लालबुंद होतो, आतड्यात पेटके येतात. दुसऱ्या प्रकारच्या ग्राहीवर बसले की जठरात आम्ल भराभर स्रवू लागते, छातीत जळजळ होते आणि काही रुग्णांना व्रणही होतात. अंगावरच्या गांध्यांना आमसुलाचे पाणी लावायचे आणि पोटातल्या आगीवर आम्लरोधक गोळी घ्यायची, अशी दोन वेगळी दुखणी समजून घरोघरी दोन वेगळे उपाय चालतात, आणि क्वचित एखाद्या रुग्णात त्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असते हे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. त्यांच्या जोडीला मळमळ, पोट फुगणे, अचानक लागणारे पातळ जुलाब, धडधड, डोके सुन्न होणे आणि तीव्र झटक्यात रक्तदाब घसरून शुद्ध हरपणे, हे सारे एकाच तासाभरात घडू शकते.

वैद्यकात या विकाराचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. पहिला मास्टोसायटोसिस, ज्यात असामान्य मास्ट पेशी अस्थिमज्जेत, त्वचेत, आतड्यात किंवा यकृत-प्लीहेत गठ्ठ्यांनी साचतात. प्रौढांमधील सर्वांगीण मास्टोसायटोसिसच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत केआयटी या जनुकात एकच ठरावीक बदल सापडतो, आणि त्यामुळे या पेशींना वाढत राहण्याचा आदेश सतत मिळत राहतो. हा बदल बहुतेकांत जन्मानंतर शरीरातच घडलेला असतो आणि सहसा पुढच्या पिढीत उतरत नाही, हे लग्नकार्याच्या बोलणीत आजार लपवणाऱ्या कुटुंबांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. युरोपातील पाहण्यांनुसार हा आजार साधारण दहा हजारांत एकाला होतो. दुसऱ्या प्रकाराला मास्ट पेशी सक्रियता संलक्षण म्हणतात. संलक्षण म्हणजे एकत्र येणाऱ्या लक्षणांचा समूह. यात पेशींचे गठ्ठे नसतात, पण त्या वारंवार आणि अवाजवी फुटतात.

कबनूर-इचलकरंजी पट्ट्यात जुलाब आणि पोटदुखी घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर आधी पाण्याविषयी विचारतात आणि ते योग्यच आहे. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न इथे जुना आहे, आणि २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून पसरलेल्या काविळीने हजारो लोक आजारी पडले होते, ही गोष्ट लोक विसरलेले नाहीत. आमांश, जिआर्डिया, जंत, आतड्याचा क्षय, दूध न पचणे, गव्हातील ग्लूटेन न सोसणे, ही सगळी कारणे मास्ट पेशींच्या विकारापेक्षा कितीतरी अधिक आढळतात आणि त्यांचा तपास आधी व्हायलाच हवा. अडचण पुढे येते. सर्व चाचण्या ठीक निघाल्यावर रुग्णाच्या हाती ‘आयबीएस’ म्हणजे चिडखोर आतड्याचे निदान ठेवले जाते, घरात ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हटले जाते, आणि पोटाच्या झटक्याबरोबर चेहरा लाल होत होता का, अंगावर चकंदळे उठत होती का, चक्कर येत होती का, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. त्वचेवर तपकिरी ठिपके असतील आणि ते चोळल्यावर फुगून लाल होत असतील, तर तो फार मोलाचा पुरावा असतो. रुग्ण मात्र पोटाच्या डॉक्टरांसमोर कपड्याखालचे ठिपके दाखवत नाही, कारण त्यांचा पोटाशी संबंध असेल असे त्याला वाटतच नाही.

निदानाची सर्वांत उपयोगी चाचणी रक्तातील ट्रिप्टेजची असते, आणि तिचे सारे मर्म वेळेत असते. झटका सुरू झाल्यावर हे द्रव्य रक्तात चढते आणि काही तासांतच उतरू लागते, म्हणून रक्त शक्यतो चार तासांच्या आत घ्यावे लागते. त्यानंतर सर्व लक्षणे पूर्ण शमून किमान २४ तास उलटल्यावर पुन्हा एकदा रक्त घेऊन रुग्णाची नेहमीची पातळी ठरवली जाते. झटक्यातील पातळी नेहमीच्या पातळीपेक्षा २० टक्क्यांनी आणि त्यावर आणखी २ नॅनोग्रॅमने वाढलेली असेल, तरच ती वाढ अर्थपूर्ण मानली जाते. नेहमीची पातळी दर मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅम असेल, तर झटक्यात ती १४ किंवा त्याहून अधिक भरायला हवी. नेहमीची पातळीच २० च्या वर असेल, तर मास्टोसायटोसिसची शंका बळावते आणि अस्थिमज्जेचा नमुना तपासण्याचा विचार होतो. रात्री दोन वाजता कबनूरहून इचलकरंजीच्या इंदिरा गांधी किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नेलेल्या रुग्णाला सलाईन आणि इंजेक्शन देऊन सकाळी घरी पाठवले, रक्त काढून ठेवायचे कोणाला सुचले नाही, तर निदानाची ती संधी पुढच्या झटक्यापर्यंत लांबते. म्हणूनच ज्यांना असे झटके पुन्हा पुन्हा येतात, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून या चाचणीची चिठ्ठी आधीच लिहून घेऊन पाकिटात बाळगावी, आणि कोणत्या प्रयोगशाळेत नमुना स्वीकारला जाईल याची चौकशी आजारपण नसताना करून ठेवावी.

दुर्बिणीतून आतडे पाहिले तर ते अनेकदा निरोगीच दिसते, त्यामुळे संशय असल्यास वरून ठीक दिसणाऱ्या अस्तराचेही तुकडे घ्यावे लागतात, आणि नेहमीच्या रंगांत मास्ट पेशी सहज ओळखू येत नसल्यामुळे विशेष रंगतपासणी करण्यास विकृतिशास्त्रज्ञाला सांगावे लागते. इथे उलट बाजूची चूकही होते. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृष्टिक्षेत्रात २० पेक्षा अधिक मास्ट पेशी दिसल्या की तो आजार, असे २००६ नंतर काही काळ मानले गेले. पुढे मात्र निरोगी माणसांच्या आतड्यातही तेवढ्या पेशी आढळू शकतात असे दिसून आले. आज नुसत्या संख्येला निदान मानत नाहीत. १५ किंवा अधिक पेशींचे दाट पुंजके अनेक ठिकाणी दिसणे हा मास्टोसायटोसिसचा प्रमुख निकष आहे. एका अहवालातील आकड्यावर आयुष्यभराचे पथ्य लादणे हा रुग्णावर अन्यायच ठरतो.

निदान झाल्यानंतरचा खरा प्रश्न दिनक्रमाचा असतो. उष्णता, एकदम थंडी, कातडीवरचे घर्षण, जागरण, अतिश्रम, मद्य, मधमाशी किंवा गांधीलमाशीचा दंश आणि मानसिक ताण ही या पेशींना फोडणारी ओळखीची कारणे आहेत, आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये यांपैकी तीन-चार एकाच वेळी हजर असतात. पत्र्याखालचा एप्रिल-मे महिन्यांतला उकाडा, बारा-बारा तासांची पाळी, रात्रपाळीचे जागरण आणि कांडी भरणाऱ्या बायकांचे तासन्‌तास एकाच जागी बसणे, यांत जुलाबाचा झटका आला तर शौचालय जवळ असण्याचीही शाश्वती नसते. अशा कामगाराला दिवसपाळीच मिळावी, पंख्याजवळचे माग मिळावेत, एवढी तजवीज झाली तर गोळ्यांचा डोस वाढवण्याची वेळ पुष्कळदा टळेल. ताण हे कारण खरे आहे, कारण आतड्यातील मज्जातंतू मास्ट पेशींना खेटून असतात आणि त्यांच्या संदेशानेही या पेशी फुटतात. म्हणून ‘मनाचे आहे’ हे वाक्य आजार नाकारण्यासाठी वापरले जाते तेव्हा ते वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे ठरते.

सर्वांत मोठा धोका मात्र औषधाच्या दुकानातून येतो. अंग मोडून आले की आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी चिठ्ठीशिवाय घेऊन कामावर जाण्याची सवय सर्वत्र आहे, आणि या वर्गातील वेदनाशामके तसेच कोडीन, मॉर्फिन ही अफूवर्गीय औषधे काही रुग्णांत मास्ट पेशींचा स्फोट घडवतात. सर्वांना ती बाधतातच असे नाही, परंतु कोणाला बाधतात हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ठरवावे. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला हा आजार सांगणे कधीही चुकवू नये.

अन्नाविषयी फार गोंधळ आहे. आंबवलेल्या, मुरलेल्या आणि शिळ्या पदार्थांत जिवाणूंच्या क्रियेने हिस्टामिन तयार होते, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन कितीही उकळले तरी नष्ट होत नाही. कोकणातून घाट चढून आलेला बांगडा बर्फाशिवाय काही तास राहिला, तर रश्श्यात शिजवल्यावरही तो त्रास देऊ शकतो, आणि हा त्रास निरोगी माणसालाही होतो. वांगे, टोमॅटो आणि पालक यांतही हिस्टामिन लक्षणीय असते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ९ टक्के लोकांनी वांगे खाल्ल्यावर काही ना काही त्रास होत असल्याचे सांगितले होते, खरी वांग्याची ॲलर्जी मात्र त्यांतील अगदी थोड्यांना होती. तिखट मिरचीतील कॅप्सेसिन आतड्यातील मज्जातंतूंना चेतवते आणि त्या वाटेने मास्ट पेशींना डिवचू शकते. वर्षाची चटणी उन्हाळ्यात एकदा कुटून बरणीत भरायची आणि तीच कालवणापासून आमटीपर्यंत सगळ्यात घालायची, अशा घरात एका माणसासाठी बिनचटणीची आमटी वेगळी काढणे म्हणजे सुनेवर किंवा आईवर वाढलेले काम असते, आणि त्या कामाची दखल कोणी घेत नाही.

तरीही दही, ताक, डाळी, टोमॅटो, वांगी, शेंगदाणे, मासे असे एकेक करून सगळेच ताटातून काढणे घातक आहे. हिस्टामिन कमी असलेला आहार सर्वांनाच गुण देतो असा भक्कम पुरावा नाही, आणि मास्टोसायटोसिसमध्ये हाडे आधीच ठिसूळ होण्याचा धोका असताना दूध-दह्यासह कॅल्शियम आणि प्रथिने सोडून दिली, तर मणका मोडण्यापर्यंत पाळी येते. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, त्या दिवशी ऊन किती होते, पाळी कोणती होती, कोणती गोळी घेतली, हे एका वहीत काही आठवडे लिहिल्यावर संशयित पदार्थ दोन-तीनच उरतात. ते थोडे दिवस थांबवावेत आणि नंतर एकेक करून पुन्हा खाऊन पाहावेत, अर्थात ज्या पदार्थाने पूर्वी घसा सुजला किंवा शुद्ध हरपली असेल तो घरी कधीही आजमावू नये. ताजी ज्वारीची भाकरी, तांदूळ, मुगाची आमटी, दुधी, दोडका आणि ताजे दूध बहुतेकांना सोसते. सकाळचे कालवण रात्री गरम करून खाण्यापेक्षा लागेल तेवढेच शिजवणे, एवढ्या एका बदलानेही काहींना उतार पडतो.

औषधोपचार पायरीपायरीने होतात. पहिल्या ग्राहीसाठी सेट्रिझिन किंवा फेक्सोफेनाडिन, दुसऱ्यासाठी फॅमोटिडिन, आणि पोटाचे त्रास तरीही राहिले तर पेशी फुटू नयेत म्हणून दिले जाणारे क्रोमोग्लायकेट जेवणाआधी तोंडाने घेतले जाते. हे औषध रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, आतड्यातच काम करते आणि गुण दिसायला काही आठवडे लागतात. रक्तदाब घसरून शुद्ध जाऊ लागली तर मात्र या गोळ्यांची वाट पाहायची नसते: रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत, ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत द्यावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. ज्यांना असा झटका पूर्वी येऊन गेला आहे त्यांनी ॲड्रेनॅलिनची कुपी आणि सुई घरात ठेवावी की नाही, आणि ती टोचायला घरातील कोणी शिकावे, हे डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवून घ्यावे.

केआयटी जनुकातील बदलावर घाव घालणारी मिडोस्टॉरिन आणि ॲव्हाप्रिटिनिब ही औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०१७ आणि २०२१ मध्ये प्रगत मास्टोसायटोसिससाठी मंजूर झाली, आणि २०२३ मध्ये ॲव्हाप्रिटिनिबला आजाराच्या सौम्य प्रकारासाठीही मान्यता मिळाली. त्यांची किंमत मागावर काम करणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. सौम्य प्रकारातील बहुसंख्य रुग्ण मात्र साध्या गोळ्या, जपून केलेला आहार आणि वर्षातून एकदा ट्रिप्टेज व काही वर्षांनी हाडांची घनता यांची तपासणी यांवर सर्वसाधारण आयुर्मान जगतात.