विनयाचा अतिरेक : ‘द लेडीकिलर्स’मधील वाणी आणि अभिनय

अतिरंजित अभिनय म्हणजे सदोष अभिनय, असे एक समीकरण आपल्याकडील नाट्यचर्चेत रूढ आहे. ते सर्वत्र लागू पडत नाही, हे ईलिंग स्टुडिओच्या ‘द लेडीकिलर्स’ (१९५५) ह्या चित्रपटाच्या आधारे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक, पटकथाकार विल्यम रोझ आणि प्रमुख नट अॅलेक गिनेस ह्यांच्या ह्या कृतीत विनोद व मृत्यू शेजारी शेजारी नांदतात.

कथानक थोडक्यात असे. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकानजीक एका कललेल्या जुन्या घरात मिसेस विल्बरफोर्स ही विधवा वृद्धा राहते. प्रोफेसर मार्कस तिच्याकडे खोल्या भाड्याने घेतो व चार सोबत्यांसह वाद्यवादनाचा सराव करावयाचा असल्याचे सांगतो. बंद दाराआड ग्रामोफोनवर बोकेरीनीची रचना वाजत असते आणि दरोड्याचा बेत शिजत असतो. लुटीचे साठ हजार पौंड स्थानकातून बाहेर आणण्याचे काम तिच्याकडूनच, तिच्या नकळत, करवून घेतले जाते. गुपित फुटल्यावर तिला ठार मारणे दरोडेखोरांना अपरिहार्य वाटते. पण ते कोणाच्यानेही होत नाही, आणि अखेर पाचही जण स्वतःच मरून जातात.

गिनेसच्या अभिनयाचे ‘नाट्यशास्त्रा’तील परिभाषेत पृथक्करण करता येईल. मोठे कृत्रिम दात, विस्कटलेले केस व लांबलचक मफलर हा आहार्य अभिनय. शिकारी पाखरासारखे वाकणे हा आंगिक. ह्या दोहोंत भडकपणा उघड आहे. तथापि आपल्या दृष्टीने महत्त्वाचा तो वाचिक अभिनय. मराठी वक्त्याला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या सिद्ध असतात. आजच्या प्रमाण इंग्रजीत द्वितीय पुरुषाचे सर्वनाम एकच असल्यामुळे आदर हा संकेतार्थी क्रियारूपे, प्रश्नरूप विनंती, क्षमायाचना व सुरावट ह्यांवाटे पसरून व्यक्त करावा लागतो. मार्कस ही सारी साधने एकाच वेळी आणि गरजेपेक्षा अधिक वापरतो. प्रेक्षकाला त्यातील कपट तत्काळ कळते; वृद्धा मात्र प्रत्येक शब्द वाच्यार्थानेच घेते. ही दरी दिसावयाची तर अतिरेक हवाच. संयत अभिनयाने येथे केवळ एक सभ्य भाडेकरू उभा राहिला असता.

चित्रपटाच्याच वर्षी, १९५५ साली, अर्व्हिंग गॉफमन ह्यांचा संभाषणातील प्रतिष्ठारक्षणावरील निबंध प्रसिद्ध झाला. संभाषण करणारा स्वतःची आणि समोरच्याची अशी दोघांचीही प्रतिष्ठा सांभाळत असतो, हे त्यातील प्रतिपादन. येथे तेच सूत्र फासासारखे काम करते. विनय हे दरोडेखोरांचे सोंग. पण एकदा ते पत्करल्यावर त्याचे नियमही पाळावे लागतात. वृद्धेच्या मैत्रिणी चहाला येताच ह्या गुंडांना निमूटपणे त्यांच्यात बसावे लागते. विमाकंपनी भरपाई देईल, प्रत्येक विमेदारावर केवळ एका फार्दिंगचा भार पडेल, असा हिशेब मार्कस मांडतो. परंतु वृद्धेच्या नीतीत अपराधाचे असे भागाकार होत नाहीत, आणि तिच्या रागावण्यापुढे हे पुरुष शाळकरी मुलांसारखे उभे राहतात.

शेवट अधिक विचार करावयास लावणारा आहे. वृद्धा पोलीस ठाण्यात जाऊन सर्व हकीकत खरी खरी सांगते. अधिकारी अत्यंत सौजन्याने ऐकतात, विश्वास मात्र ठेवीत नाहीत, आणि पैसे तिनेच ठेवावेत असे सुचवितात. म्हणजे मार्कसचा विनय फसविण्यासाठी होता. पोलिसांचा, खरे बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे म्हणणे न ऐकण्यासाठी आहे. भाषिक रूपे मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखीच.

आपली व्याकरणे आदरार्थी रूपांची यादी देऊन थांबतात. एकाच रूपात आदर, कपट आणि उपेक्षा ही तिन्ही वसू शकतात, हे त्या यादीवरून कळत नाही. ते कोण, कोणाशी, कशासाठी बोलतो हे पाहिल्यावरच कळते. गिनेसचा तथाकथित भडक अभिनय हे पाहावयास शिकवितो.