आभासी अंगणांतील कोजागिरी

आश्विन पौर्णिमेच्या रात्रीं अकोटच्या एखाद्या अंगणांत दुधाचें पातेलें चुलीवर चढलें कीं आळींतील माणसें न बोलावतां जमतात. कोणी साखर आणतें, कोणी चारोळी. दूध आटेपर्यंत भेंड्या चालतात, आणि चंद्र माथ्याकडे आला म्हणजे त्याचें बिंब दुधांत पाहून वाटप सुरू होतें. परंतु त्या आळींत वाढलेला एक मुलगा लंडनला, दुसरा कॅलिफोर्नियांत आणि एक मुलगी पुण्यास नोकरीला असेल, तर त्यांनीं ह्या अंगणांत यावें कसें? अलीकडील यंत्रविद्येनें ह्या प्रश्नास एक चमत्कारिक उत्तर दिलें आहे: त्यांना अंगणांत येतां येत नसेल, तर अंगणच संगणकांत मांडावें.

अशा मांडलेल्या जागेला आभासी जग म्हणतात. शरीरानें दूर राहून एकत्र येण्याची कल्पना वऱ्हाडाला अगदींच नवी नाहीं. ता. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां एकच आवाज अनेक घरांत एकाच क्षणीं ऐकूं येऊं लागला. पुढें चित्रसंभाषणांत चेहराहि दिसूं लागला. पण ह्या साधनांत एकत्र वावरण्याची जागा नव्हती. ती आभासी जगांत असते. तेथें प्रत्येकाच्या वतीनें एक बाहुली चालते, बसते, शेजाऱ्याशीं बोलते. तिला ‘अवतार’ हेंच नांव आहे, आणि तो शब्द संस्कृतांतूनच तिकडे गेला आहे. बोलणारा जवळ असला तर आवाज मोठा येतो, दूर गेला तर बारीक होतो. त्यामुळें चुलीपाशीं एक घोळका आणि पारावर दुसरा, अशा दोन बैठकी एकाच वेळीं रंगूं शकतात.

सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडेन लॅब ह्या कंपनीनें २००३ सालीं खुलें केलेलें ‘सेकंड लाइफ’ हें अशा जगांचें जुनें उदाहरण होय. तेथील एक भूभाग २५६ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. कंपनी जमीन देते, तीहि भाड्यानें. वरचें घर, झाड, तुळशीवृंदावन हें सारें रहिवाशांनींच घडवावयाचें. आकाशसुद्धां जागेच्या मालकाच्या हातीं असतें: त्यानें ठरविलें तर तेथें अखंड मध्यरात्र राहते.

भारतीय समाजाला असल्या साधनांची निकड २०२० सालीं कळली. मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली. त्या वर्षीं सार्वजनिक गणेशमूर्ति चार फुटांहून व घरगुती मूर्ति दोन फुटांहून उंच नसावी असें राज्य सरकारनें ठरविलें, आणि मंडळांनीं दर्शनाची सोय संगणकाद्वारें करावी असें सांगितलें. लालबागच्या मंडळानें तर मूर्ति न बसवितां आरोग्योत्सव केला. तिकडे अमेरिकेंत बर्कलेच्या विद्यार्थ्यांनीं ‘माइनक्राफ्ट’ नांवाच्या खेळांत आपलें विद्यापीठ ठोकळ्यावर ठोकळा रचून उभें केलें आणि मे महिन्यांत तेथेंच पदवीदानाचा सोहळा केला. सांथ ओसरली; पण पोटासाठीं दूर गेलेलीं माणसें दूरच राहिलीं. म्हणून ह्या विद्येची गरज सरली नाहीं.

आतां समजा, अकोटच्या एखाद्या आळीनें आपली कोजागिरी अशा जगांत मांडावयाचें ठरविलें. पहिली अडचण घड्याळाची येते. पौर्णिमा ऑक्टोबरच्या मध्यास आली, तर अकोटला सायंकाळचे साडेसात वाजतात तेव्हां लंडनला दुपारचे तीन आणि कॅलिफोर्नियांत सकाळचे सात वाजलेले असतात. म्हणजे अकोटचा चंद्र वर आलेला, लंडनचा उगवावयाचा, आणि कॅलिफोर्नियाचा मावळण्याच्या बेतांत! परंपरेप्रमाणें मध्यरात्र धरली, तर लंडनकरांना साडेसात वाजतां चंद्र दिसेल. पण अकोटच्या माणसाला पहाटे सोयाबीनच्या सोंगणीला जावयाचें असतें. कापसाच्या वेचणीचे दिवसहि तोंडावर असतात, आणि ओलिताची वीज रात्रीं आली तर झोप सोडून मळ्यावर धांवावें लागतें. ह्या दोन सोयींपैकीं कोणती निवडावी, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. तें माणसांनींच एकमेकांचा विचार करून ठरवावें लागतें.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आभासी जगांतील अंगण खोटें असलें, तरी तें सारविण्याचे श्रम खरे असतात. घरें उभारणें, नवख्यांना चालावयास शिकविणें, गाणाऱ्याचा आवाज नीट जातो कीं नाहीं तें पाहणें, ही सर्व कामें बहुधा एकाच हौशी माणसाच्या गळ्यांत पडतात. तो दिवसा कचेरींत असतो. रात्रीं आईचें औषध, मुलाचा अभ्यास, दिवाळीची तयारी. पडद्यावरची मंडळी त्याच्या बाहुलीला उभी पाहतात. बाहुलीमागचा माणूस किती थकला आहे हें कोणास दिसत नाहीं. प्रत्यक्ष अंगणांत जांभई दिसते आणि कोणीतरी पातेलें ढवळावयास घेतें. येथें मदत मागावी लागते, आणि पुष्कळांना तीच जड जाते.

ह्यास्तव अशा समारंभाचा पहिला नियम असा असावा, कीं प्रत्येक कामाला दोन माणसें नेमावीं. यजमानाच्या घरीं आजार आला, तर त्यानें एक ओळ लिहून निघून जावें आणि दुसऱ्यानें कारण न विचारतां काम हातीं घ्यावें. कार्यक्रम तासाभराहून लांबवूं नये. आठ दिवस आधीं एकदां रंगीत तालीम करावी. एकाच भूभागावर फार गर्दी झाली तर यंत्र अडखळतें, म्हणून सजावट बेताची ठेवावी. ज्यांच्याकडे चांगला संगणक नाहीं अशा वडीलधाऱ्यांसाठीं साधा दूरध्वनी जोडून द्यावा. नाहीं तर ज्यांच्यामुळें तें अंगण ‘आपलें’ झालें, तींच माणसें बाहेर राहतील.

आभासी दूध पितां येत नाहीं, ही उणीवहि शेवटीं उपकारकच ठरते. प्रत्येकानें आपापल्या घरीं दूध आटवावें लागतें, आणि त्या निमित्तानें लंडनच्या स्वयंपाकघरांतहि केशराचा वास सुटतो. पडद्यावर सर्वांसाठीं एकच पूर्ण चंद्र स्थिर ठेवतां येतो; खिडकींतला चंद्र मात्र ज्याचा त्याचा वेगळा. कोजागिरीच्या रात्रीं लक्ष्मी ‘कोण जागें आहे’ असें विचारीत फिरते, अशी श्रद्धा आहे. दूरदूरच्या घरांतून ‘आम्ही जागे आहों’ असें एकाच वेळीं उत्तर यावें, ह्यासाठीं हा सारा खटाटोप. पण ज्याला पहाटे सोंगणीला जावयाचें आहे तो लवकर निजला, तर त्याच्यावांचून दूध नासणार नाहीं, हेंहि अंगणानें विसरूं नये.