पाव युनिट आणि दोन सेकंद



गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या मांडवात माझ्या भाच्याने मला एका वादात पंच म्हणून ओढले. वाद होता विजेवर चालणाऱ्या दोन सेडान गाड्यांचा. एक अमेरिकेतील टेस्ला कंपनीची मॉडेल एस प्लेड, २०२१ साली विक्रीस आलेली. दुसरी जर्मनीतील पोर्शची टायकान टर्बो एस, २०१९ सालची. भाच्याला दोन आकडे मुखोद्गत होते. पहिली गाडी १.९९ सेकंदांत वेग घेते, दुसरीला २.८ सेकंद लागतात. "मामा, तुम्ही कचेरीत निविदा तपासता ना? मग सांगा, यात वाद कसला उरला?"

निविदा तपासणाऱ्या माणसाची खोड अशी, की तो आकड्याआधी माप पाहतो. येथे दोन मापे निराळी आहेत. टेस्लाचा आकडा ताशी ६० मैलांचा, म्हणजे सुमारे ९६.६ किलोमीटरांचा, पोर्शचा पुऱ्या १०० किलोमीटरांचा. शिवाय अमेरिकेतील शर्यतींच्या रिवाजाप्रमाणे गाडी पहिला फूटभर सरकेपर्यंतचा वेळ टेस्लाने हिशेबात धरलेला नाही. एक फूट म्हणजे ते काय, असे आपणांस वाटेल. परंतु गाडी जागेवरून हलत असताना तेवढ्यालाच सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो. ही दोन्ही अंतरे भरून काढली, तर १.९९ चे साधारण सव्वादोन सेकंद होतात. टेस्ला पुढे आहेच, पण पाऊण सेकंदाहून अधिक वाटणारी आघाडी अर्ध्या सेकंदावर येते. भाच्याला हे रुचले नाही. मापाची तक्रार हरणाऱ्या पक्षाने करावयाची असते, असे त्याचे मत पडले.

मुळात विजेच्या गाड्यांना इतकी त्वरा येते कोठून? पेट्रोलच्या इंजिनाला आपला पुरता जोर दाखवावयास आधी काही फेरे घ्यावे लागतात. विजेच्या मोटरीचे तसे नाही. ओझ्याच्या गाडीला जुंपलेला बैल जसा पहिल्या ओढीलाच सारा जोर लावतो, तशी ती शून्य वेगापासूनच पूर्ण पीळ देते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची आगगाडी धावली, तेव्हापासून मुंबईकर हे गुण दररोज अनुभवीत आला आहे. आणि मोटारींच्या जगातही हे नवे नाही. ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. १८९९ साली कामिय झेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ ती चालविली.

आता या दोन गाड्यांची घडण पाहू. टेस्लाने तीन मोटरी बसविल्या, पुढे एक आणि मागे दोन. मिळून १,०२० अश्वशक्ती. गिअर एकच. मग वरच्या वेगात मोटरीला अतिशय जलद फिरावे लागते, मिनिटाला २०,००० फेऱ्यांच्या घरात. तेवढ्या वेगाने फिरणारा भाग फाकून फुटू नये, म्हणून त्याभोवती कार्बनच्या धाग्यांचे वेष्टन घट्ट आवळलेले असते. पोर्शने दुसरा मार्ग धरला. मोटरी दोनच, शक्ती ७६१ अश्वशक्तीपर्यंत. पण मागील आसावर दोन गिअर, एक जोरासाठी, दुसरा वेगासाठी. शिवाय विजेचा दाब ८०० व्होल्ट, म्हणजे त्या काळच्या इतर बहुतेक विजेच्या गाड्यांच्या दुप्पट. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो, आणि त्याच तारेत निर्माण होणारी उष्णता चौथाईवर येते.

ही उष्णता हेच वादाचे खरे मर्म आहे, असे मला वाटते. एकदा झेप घेणे निराळे, आणि तीच झेप पुनःपुन्हा घेणे निराळे. २०१९ साली पोर्शने एका धावपट्टीवर टायकानच्या प्राथमिक नमुन्याला शून्यापासून ताशी २०० किलोमीटरांपर्यंत लागोपाठ २६ वेळा धावविले. सर्वांत जलद आणि सर्वांत मंद धावेत अंतर पडले अवघ्या ०.८ सेकंदाचे. टेस्लाच्या उत्तम झेपेसाठी मात्र बॅटरी आधी काही मिनिटे योग्य तापमानास आणावी लागते. न्यूर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरांच्या वळणावळणांच्या मार्गावर प्लेडने २०२१ साली ७ मिनिटे ३०.९ सेकंद घेतले, आणि टर्बो एसने पुढल्या वर्षी ७ मिनिटे ३३.३ सेकंद. शक्तीत चौथाईने उणी असलेली गाडी अडीच सेकंदांनीही मागे पडली नाही. पुढे दोन्ही कंपन्यांनी सुधारलेल्या गाड्या आणून ते आकडे मोडले. ती चढाओढ मी येथे सोडून देतो.

वस्तुतः मला गुंगविले ते एका साध्या हिशेबाने. सव्वादोन टनांची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाला आणण्यास लागणारी ऊर्जा, वाटेतील तूट सोडली तर, पाव युनिटही भरत नाही. आपल्या घरचा पंचाहत्तर वॅटचा पंखा तेवढ्यावर तीनेक तास फिरेल. नवल ऊर्जेचे नाही. ती दोन-अडीच सेकंदांत ओतली जाते याचे आहे.

आणि हे केवळ नवल नव्हे. रस्ता ओलांडणारा माणूस घड्याळ पाहत नाही. तो गाडीकडे पाहतो आणि आयुष्यभराच्या सवयीने अदमास घेतो. गाडी तीस पावलांवर उभी आहे, अजून अवकाश आहे, असे समजून तो पाऊल टाकतो. दुहेरी रस्ता ओलांडावयास त्याला पाच-सहा सेकंद लागतात. जी गाडी दोन-सव्वादोन सेकंदांत शंभराचा वेग गाठते, ती तेवढ्यात जवळजवळ तीस मीटर पुढे आलेली असते, म्हणजे त्याला ओलांडून गेलेली असते, आणि तीही फारसा आवाज न करता. त्या वेगावरून थांबावयाचे झाल्यास चालकाचे भान येण्यास एक सेकंद, म्हणजे अठ्ठावीस मीटर, आणि नंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावरही पन्नासेक मीटर लागतात. मोटर कितीही बलवान असली, तरी थांबण्याचे काम शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावरच येऊन ठेपते.

हे सांगितल्यावर भाचा जरा वेळ गप्प राहिला. तो स्वतः रोज पुण्याहून चाकणला गाडीने जातो, आणि त्याची आई फाटकाशी उभी राहून त्याची वाट पाहते, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. मग त्याने विचारले, "पण मामा, पंच म्हणून निकाल काय?"

मी म्हणालो, सरळ धावपट्टीवर एकच धाव असेल तर टेस्ला. दहावी धावही पहिल्यासारखी हवी असेल तर पोर्श. एवढ्यात पंगतीचे बोलावणे आले. पानावर बसल्यावर तो रुमालावर पेन्सिलीने काही मांडीत होता. डोकावून पाहिले, तर चाकणच्या वाटेवरील एका चौकाची रुंदी त्याने मीटरांत लिहिली होती.